बोटभर अंतर

मी एक जुना ठोकळा आहे. ठोकळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लाकूड आले असेल, किंवा लहान मुलांच्या खेळण्यातला रंगीत चौकोन. मी त्यांच्या जातीचा नाही. दातांच्या कवळ्या ज्या गुलाबी पदार्थाच्या करतात, त्याच पदार्थाचा मी बनलो आहे. मी मुठीत मावतो, आणि माझ्या वरच्या व खालच्या अंगावर एका बाईंच्या दातांचे ठसे आहेत. साऱ्या जगात मी एकाच तोंडाला बसतो, आणि त्या तोंडाला आता माझी गरज उरलेली नाही. म्हणून खिडकीतल्या फळीवर, झाकणाला भोके असलेल्या एका निळ्या डबीत मी पडून असतो. दुपारचे ऊन त्या भोकांतून आत येते आणि माझ्या अंगावर उजेडाचे ठिपके हळूहळू सरकू लागतात. तेवढीच माझी आताची हालचाल.

मित्रांनो, माझी गोष्ट तोंडाच्या आतली आहे. तुम्ही रोज आरशात चेहरा पाहता. पण ओठांच्या आत किती नाजूक घर आहे, ते क्वचितच पाहत असाल. ओल्या, गुळगुळीत भिंती, वर टाळूचे छत, आणि मध्ये जीभ. ती बोलते, चाखते, आणि माणूस झोपला तरी स्वतः पुरती झोपत नाही. या घराची कातडी कागदाहून कोवळी असते. ती शाबूत असेपर्यंत तिची आठवण कोणालाच होत नाही. मीठही टोचू लागते, तेव्हा ती कळते.

ज्या बाईंच्या तोंडासाठी माझा जन्म झाला, त्या चहाच्या एका मोठ्या वखारीत चहा चाखण्याचे काम करत. पांढऱ्या लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग मांडलेली असे. प्रत्येक कपात वेगळ्या पेटीतला चहा. बाई चमचा ओठांशी नेत आणि ‘सुर्र’ असा मोठा आवाज करून घोट आत ओढत. तसा ओढला म्हणजे चहाचे बारीक तुषार जिभेच्या कानाकोपऱ्यात पोहोचतात. मग घोट उंच भांड्यात थुंकून त्या एखादाच शब्द बोलत: “कोवळा.” “धुरकट.” “ओलीत ठेवलेला.” त्या एका शब्दावर पेट्यांचे ढीग पुढे रवाना होत किंवा जागच्या जागी राहत. आवाजामुळे सारी वखार त्यांना सुर्रबाई म्हणे. पुढे पुढे तर खऱ्या नावाने कोणी हाक मारली, तर दुसऱ्याच कोणाला बोलावत आहेत असे त्यांना वाटू लागले.

त्याच खोलीत किटली आणि कप यांचे राज्य एका दुसऱ्या बाईंच्या हाती होते. त्या सुर्रबाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. सुर्रबाई त्यांना ‘वन्सं’ म्हणत, आणि म्हणून मीही वन्संच म्हणतो. भाऊ गेल्यापासून नणंद-भावजय एकाच घरात राहत, एकाच वाटेने कामावर जात, आणि वाटभर एकमेकींना टोचत. वन्संच्या हातचा कप म्हणजे जणू आजच जन्मलेला कप. साबण त्याला कधी लागत नसे. उकळते पाणी घालायचे, कप गोल फिरवायचा, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा उकळते पाणी, पुन्हा फिरवणे, आणि मग कोरड्या फडक्यावर पालथा. कालचा चहा आजच्या कपात उरला, तर चाखणारीची जीभ फसते. वन्संच्या हातून असे कधी घडले नव्हते, आणि याचा त्यांना जो तोरा होता, तो त्यांना शोभतही होता.

एक गोष्ट मात्र त्या बोलून दाखवत नसत. भावजयीच्या जिभेसाठी त्यांनी सुगंधी साबण सोडला होता, केसांना वासाचे तेल लावणे सोडले होते, आणि कामाच्या दिवशी सकाळी घरात कांदा चिरला जात नसे. त्याबद्दल त्यांनी उपकाराची भाषा कधी केली नाही. टोमण्यांची केली.

“आमच्या घरात आम्ही दोघी नाही, तिघी राहतो,” त्या म्हणत. “ही, मी, आणि हिची जीभ. लाड तिसरीचेच जास्त.”

मग एके दिवशी सुर्रबाईंच्या वरच्या जबड्यात, अगदी मागे, दाढेच्या कडेला एक गाठ निघाली. ती कापून काढली. जखम भरत आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितले की गाठ गेली असली, तरी तिचे बी मागे राहिले नसेल असे म्हणता येत नाही, आणि म्हणून त्या जागेवर किरण द्यावे लागतील. किरण रोग जाळतात. परंतु वाटेत जे कोवळे येते, त्यालाही ते सोडत नाहीत. तोंडातली कातडी सोलवटते, फोड येतात, लाळ आटते आणि चव हरवते. कधी ती परत येते, कधी अर्धीमुर्धीच येते.

सुर्रबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“जिभेचं काय?”

डॉक्टरीणबाईंनी ‘काही होणार नाही’ असे म्हटले नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. खोटा दिलासा जिभेवर फार लवकर येतो. त्या म्हणाल्या, “हमी मी देणार नाही, मावशी. पण किरण वरच्या जबड्याला द्यायचे आहेत. जीभ खाली, वाटेच्या बाहेर राहिली, तर बरीचशी वाचेल. तिला खाली धरायला एक गोष्ट करून घेऊ.”

ती गोष्ट म्हणजे मी.

माझा जन्म झाला त्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. एवढी तोंडे, आणि बोलत कोणीच नव्हते. त्यांच्यामध्ये बसून काम करणाऱ्या कारागिराला सारे रुग्णालय कवळीकाका म्हणे. उघड्या तोंडांत वाकून पाहता पाहता त्यांची मान कायमची एका बाजूला कलली होती, त्यामुळे ते कोणाकडेही पाहत, तेव्हा काही विचारत आहेत असे वाटे. त्यांनी सुर्रबाईंच्या दातांचा ओल्या लगद्यात ठसा घेतला, त्यात प्लॅस्टर ओतून जबड्याची प्रत केली, आणि मग मेणाचा एक गोळा उबेने मऊ करून तिच्यावर बसवला. डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या. वरचा जबडा किती वर हवा, जीभ कुठवर दबायला हवी, तोंड किती वेळ उघडे राहू शकेल, हे दोघे मिळून ठरवत होते. एक बोट आडवे धरून डॉक्टरीणबाई अंतर दाखवत, आणि काका मेणाचा पातळसा थर वाढवत किंवा खरवडून काढत. एकाला किरणांची वाट ठाऊक होती, दुसऱ्याला तोंडाची. त्या दोन वाटा जिथे एकमेकींना चुकवून जातील, नेमकी ती जागा ते शोधत होते, आणि माझा आकार तिथून आला.

“आता दातांत धरा, आणि जीभ सोडून द्या,” काका म्हणाले. “म्हणजे विसरूनच जा तिला.”

सुर्रबाईंनी मेण तोंडातून काढले. “जन्मभर हिच्याच जिवावर पोट भरलं, काका. विसरू कशी?”

“मग तिला सुटी दिलीय असं समजा.”

हे मात्र त्यांना पटले. वन्सं दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, की सुटी दिल्यावर ती मुकाट बसेल असे कोणी समजू नये. घरी तर रविवारी तिला जास्तच चेव येतो.

मेणाच्या जागी गुलाबी पदार्थ आला. मी भट्टीत कडक झालो, घासला गेलो, फिरत्या ब्रशाखाली ओल्या भुकटीने चकचकीत झालो. श्वासासाठी माझ्या मध्यातून एक भोक काढले. माझ्या कडा काकांनी स्वतःच्या ओठांवर फिरवून पाहिल्या, कारण बोटाला जे बोचत नाही, ते तोंडाला बोचते. कुठेही खरखर राहिली नाही, तेव्हा त्यांनी मला धुऊन निळ्या डबीत ठेवले आणि दोघींना सांगितले: साध्या पाण्याने धुवा, मऊ ब्रश वापरा, गरम पाणी नको. सुर्रबाईंनी मान हलवली. वन्सं त्या वेळी डबीचे झाकण नीट लागते की नाही, हे तपासण्यात गुंतल्या होत्या.

मित्रांनो, माझे काम आता मी तुम्हाला सांगतो. ते ऐकून तुम्हाला मी ढाल वाटेन. तसा गैरसमज करून घेऊ नका. किरण मला घाबरत नसत. ते माझ्यातूनही आरपार जात. मी इतकेच करी, की सुर्रबाई दात आवळत आणि माझ्या पोटाखालची पसरट फळी जिभेवर टेकून तिला तळाशी निजवून ठेवी. वर आग आणि खाली जीभ, यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा राही. ती मोकळी जागा म्हणजेच मी. वस्तू पुष्कळ काही असू शकतात: भांडे, हत्यार, दागिना. मला एक अंतर होऊन जगायचे होते.

रोज आम्ही त्या लांब कॉरिडॉरमध्ये बसत असू. सुर्रबाईंच्या मांडीवर डबी, डबीत मी, आणि शेजारी पिशवी सांभाळत वन्सं. आत जाड दरवाजाची खोली होती. तिथे यंत्र चालवणाऱ्या ताई मला आधी सुर्रबाईंच्या दातांत बसवत, मग त्यांच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला अडकवत, म्हणजे डोके तसूभरही हलू नये. तो मुखवटा पहिल्या दिवशी गरम पाण्याच्या टाकीत मऊ करून चेहऱ्यावर बसवला होता. “दुधावर साय धरावी तसा तोंडावर धरला गं,” असे सुर्रबाईंनी घरी जाऊन वर्णन केले होते. वन्संनी ते लक्षात ठेवले. हे तुम्हीही लक्षात ठेवा.

मुखवटा चढला की ताई बाहेर जात आणि काचेपलीकडून, भिंतीतल्या छोट्या कर्ण्यातून त्यांचा आवाज येई: “जीभ खाली, मावशी. डुलकी काढू द्या तिला.” आधी यंत्र एक चित्र घेई. जबडा, मी, जीभ, सारे जागच्या जागी आहे हे त्या चित्रावरून पटल्याशिवाय ताई किरण सोडत नसत. एवढे जपून वागणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही. त्यांच्यामागे रांग असे, रांगेत माणसे कंटाळलेली असत, कोणी खाकरे, कोणी घड्याळाकडे पाही. परंतु चित्र पाहताना त्यांच्यापुरते जगात एकच तोंड असे.

किरणांना रंग नव्हता, वास नव्हता, आवाज नव्हता. एक बारीक गुणगुण तेवढी यंत्रातून येई. त्या शांततेत मला जिभेची धुगधुग जाणवे. ती माझ्याखाली निजून असे, एखाद्या पाखरावर ओंजळ पालथी धरावी तशी. मी कधी काही चाखले नाही. तरी मला वाटे, चहाच्या साऱ्या डोंगरउतारांची आठवण माझ्याखाली श्वास घेत आहे, आणि ती माझ्यावर सोपवलेली आहे.

दिवस गेले, तसे वरचे छत पेटले. टाळू लाल झाली, गालाच्या आत पांढरे चट्टे उठले, बोलणे कमी झाले. डॉक्टरीणबाईंनी तोंडाची सारी दिनचर्या आखून दिली होती: मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, मऊ आणि गार जेवण, तिखट, आंबट व कढत काही नको. या दिनचर्येच्या पहारेकरीण झाल्या वन्सं. गुळण्यांची वेळ त्यांनी एकदाही चुकू दिली नाही. भात शिजवून, घोटून, गाळून, निववून त्या समोर ठेवत आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठत नसत. सुर्रबाई मान वळवत, तेव्हा त्या स्वतः एक घास खाऊन दाखवत आणि म्हणत, “बघ, मला तर चव असूनही हे बेचव लागतंय. तुझं काय नुकसान आहे?” सुर्रबाईंना हसताना दुखे. म्हणून त्या डोळ्यांनी हसत.

अशा माणसाच्या हातून माझा घात झाला, मित्रांनो. तो आळसाने झाला नाही, निष्काळजीपणानेही नाही. त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर सवयीने झाला.

तो सुटीचा दिवस होता. यंत्र बंद असे त्या दिवशी. सुर्रबाई दुपारच्या निजल्या होत्या. वन्संनी डबी उघडून मला उजेडात धरले. फोडांतून झिरपलेल्या पाण्याचा एक पिवळट डाग माझ्या खाचेत बसला होता, आणि ब्रशाने तो जात नव्हता. डागाशी त्यांचे जन्माचे वैर. एवढ्या दुखऱ्या तोंडात डागाळलेली वस्तू जाणार, हे त्यांना सहन झाले नाही. शिवाय तो मुखवटा नव्हता का गरम पाण्यातून काढलेला? त्यांनी मला एका वाडग्यात ठेवले, किटली उचलली, आणि उकळते पाणी ओतले. वाडगा गोल फिरवला. पाणी टाकले. पुन्हा ओतले, पुन्हा फिरवले. मग मला कोरड्या फडक्यावर पालथे घातले.

माझ्या आत काहीतरी सैल झाले. वेदना म्हणावी असे ते नव्हते. भट्टीत कडक होताना जो आकार मी गच्च धरून ठेवला होता, त्यावरची माझी पकड किंचित सुटली, आणि थंड होताना मी तो पुन्हा धरला खरा, परंतु पूर्वीचा नव्हे. एक बाजू केसभर वर उचलली गेली. बाहेरून मी लखलखत होतो. वन्संनी मला डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळले आणि समाधानाने डबीत ठेवले. इतका स्वच्छ मी कधीच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सुर्रबाईंनी मला दातांत घेतले आणि मी डुगडुगलो. त्यांना वाटले, तोंडच सुजले असेल. सांगितले तर उपचार थांबतील, ही भीती त्यांच्या मनात बरेच दिवस घर करून होती. म्हणून त्यांनी काही न बोलता दात करकचून आवळले. मुखवटा चढला. कर्ण्यातून तोच आवाज आला. चित्र निघाले.

मग नेहमीची गुणगुण सुरू झाली नाही.

जाड दरवाजा उघडला, ताई आत आल्या, त्यांनी मुखवटा सोडवला आणि मला अलगद बाहेर काढले. चित्रात एका बाजूने जिभेची कड माझ्यावरून वर डोकावत होती. फार नाही; दुसऱ्या कोणी पाहिले असते तर ‘चालेल’ म्हटले असते. रांग लांब होती. ताईंनी ‘चालेल’ म्हटले नाही. “असे किरण सोडले तर सुटी दिलेल्या जिभेलाच चटका बसेल, मावशी,” त्या म्हणाल्या. “आधी हा दाखवू या.”

कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाई आल्या. मला त्यांनी तळहातावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत धरले. पेच सरळ होता. याच अवस्थेत पुढे जावे, तर जीभ किरणांच्या वाटेत येते. नवा ठोकळा होईपर्यंत थांबावे, तर उपचारात खंड पडतो, आणि मागे राहिलेल्या बीला तो खंड हवाच असतो. त्यांनी शांतपणे विचारले, याला कुठे ऊन लागले का, गरम पाणी लागले का?

सुर्रबाई नाही म्हणणार, तोच शेजारून आवाज आला.

“मी घातलं. उकळतं. कपासारखं.”

वन्संचे दोन्ही हात पिशवीच्या बंदांवर घट्ट होते. साऱ्या आयुष्यात कोणी ज्यांच्या हातचे धुणे नावाजल्याशिवाय राहिले नाही, त्या बाईंना आपले हात कुठे लपवावेत हे कळत नव्हते. डॉक्टरीणबाई काही बोलणार होत्या. पण सुर्रबाईंनी हात वर करून त्यांना थांबवले. कितीतरी दिवसांत त्या सलग वाक्य बोलल्या नव्हत्या. फोडांनी भरलेल्या तोंडातून एकेक शब्द उचलून बाहेर ठेवावा तसे त्या बोलल्या.

“डाग तरी गेला का, वन्सं?”

वन्संना रडू आणि हसू एकदमच आले, आणि दोन्ही त्यांना आवरेना.

मला कवळीकाकांकडे नेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, वन्संकडे पाहिले, आणि फळीवरून एक पांढरा जबडा उचलला. तो सुर्रबाईंचा होता. काका साचे टाकून देत नसत. ज्याचे तोंड उपचारात आहे, त्याचा साचा तर मुळीच नाही. म्हणून त्या दुखऱ्या तोंडात पुन्हा लगदा भरावा लागला नाही. मला त्यांनी प्लॅस्टरवर बसवले, कुठे उचललो आहे ते पाहिले, तेवढा भाग घासून काढला आणि त्या जागी नवा थर चढवला. शेवटी एकदा मला खऱ्या तोंडात बसवून पाहणे भाग होते. सुर्रबाईंनी जबडा उघडला, तेव्हा त्यांच्या कानशिलावर घाम आला. डॉक्टरीणबाईंनी वाकून, पुन्हा बोट आडवे धरून अंतर पाहिले. ते बरोबर होते. तिकडे ताईंनी दिवसाच्या शेवटी एक जागा राखून ठेवली होती, आणि चित्र नीट निघाल्यावर त्याच संध्याकाळी किरण दिले गेले. खंड पडला नाही. माझ्या एका कडेला नव्या थराची गडद गुलाबी रेघ आजही दिसते. मला ती आवडते. एकाच दुपारी इतक्या माणसांनी आपापले काम इतके चोख केल्याची ती खूण आहे.

निघताना काकांनी वन्संना थांबवले. बोलणी खावी लागणार म्हणून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. काकांनी नळाखाली वाडगा भरला, त्यात मला सोडले आणि वन्संचा हात धरून त्या पाण्यात बुडवला.

“एवढंच पाणी. बाकी तुमच्याइतकं स्वच्छ धुणारं माणूस मी पाहिलं नाही.”

त्या दिवसापासून वन्सं मला धुण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकून पाहत. तान्ह्या मुलासाठी पाहतात तसा. मला धुताना त्या श्वासही रोखून धरत. वर्षानुवर्षे ज्या हातांनी आधण फिरवले, त्या हातांना हे नवे पाणी शिकवणे किती कठीण गेले असेल, ते मला ठाऊक आहे. कारण सुरुवातीला किटलीचा आवाज झाला की त्यांचा हात आपोआप तिकडे वळे, आणि त्या तो दुसऱ्या हाताने मागे ओढत.

उपचार संपले. मुखवटा रुग्णालयातच राहिला, मी घरी आलो. फोड हळूहळू मिटले, टाळूवर नवी, ताणलेली कातडी आली. एका बाजूची लाळ कमी झाली ती झालीच, आणि तोंड पूर्वीइतके मोठे उघडेना. त्यासाठी सुर्रबाई रोज आरशासमोर जबड्याचे व्यायाम करत. आणि जीभ? जिभेवर चट्टा उठला नव्हता. तरीही सुरुवातीला सारे काही ओल्या पुठ्ठ्यासारखे लागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा. ती वाचली आहे, पण भेदरलेली आहे. सुर्रबाई थांबल्या. मला काही काम नव्हते, तरी मीही डबीत थांबलो. गोड आधी परतले, मग खारट. कडू सर्वांत उशिरा आले. चहा म्हणजे बहुतेक कडूच. तेव्हा खरी परीक्षा अजून व्हायची होती.

ज्या सकाळी त्या पुन्हा वखारीत गेल्या, त्या सकाळी त्यांनी मला पिशवीत घातले. का, ते त्यांनाही सांगता आले नसते. चाखण्याच्या खोलीत त्यांनी डबी खिडकीतल्या फळीवर ठेवली. कपांची पांढरी रांग मांडलेली होती. वखारीतली माणसे कामाचे निमित्त काढून दाराशी रेंगाळत होती आणि आपण पाहत नाही असे दाखवत होती. किटलीजवळ वन्सं होत्या. त्यांनी तर पाठच फिरवली होती.

चमचा ओठांशी गेला. ‘सुर्र.’ आवाज पूर्वीपेक्षा बारीक निघाला, पण निघाला. सुर्रबाईंनी घोट थुंकला आणि पुढच्या कपाकडे सरकल्या. “कोवळा.” पुन्हा सरकल्या. “बरा आहे.” कोणाला काहीच कळेना, कारण हे शब्द कोणीही अंदाजाने बोलू शकले असते, आणि सुर्रबाईंनाही ते ठाऊक होते. त्यांच्या कपाळावर आठी होती. रांगेच्या मध्यावरच्या एका कपापाशी त्या थांबल्या. पुन्हा घोट घेतला. डोळे मिटले.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “हा कप गार पाण्यानं धुतलाय. कालचा चहा आहे याच्यात.”

वन्संच्या कपावर आजवर कोणी बोट ठेवले नव्हते. त्या तरातरा आल्या, कप उचलला, आत पाहिले, आणि मग आपल्या हातांकडे पाहिले. कप रांगेत मांडताना भावजयीच्या काळजीने त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. अशा वेळी हात आपल्या मनाने चालतात, आणि त्या हातांना आता दुसरीच सवय लागली होती. एक कप त्यांनी थंड पाण्याने धुतला होता. हळुवारपणे, मला धुवावे तसा.

“गार पाण्यानं,” त्या म्हणाल्या. “अगं, गारच. आणि तुला कळलं.”

आपल्या चुकीचा इतका आनंद झालेले माणूस मी दुसरे पाहिलेले नाही. तो कप छातीशी धरून त्या खोलीभर फिरल्या, दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो दाखवला, आणि आपण कसा वाईट धुतला ते अभिमानाने सांगितले. सुर्रबाई स्टुलावर बसून राहिल्या. त्यांनी डोळे पुसले, चमचा पुसला, आणि तिसऱ्या बाईचे लाड आता पुन्हा सुरू करावे लागतील, एवढेच म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी या फळीवर आहे. माझ्याकडे कोणी फारसे पाहत नाही, आणि ते योग्यच आहे; अंतराकडे कोण पाहतो? कधीमधी कोणी पाहुणा विचारतो, डबीत काय आहे, आणि वन्सं म्हणतात, “तिसरीचं पांघरूण.” तो गोंधळून हसतो. मी हसत नाही, पण माझ्या गडद रेघेवर ऊन पडते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि कोणाची ना कोणाची काळजी तुमच्या वाट्याला येईल. एखाद्या आजाऱ्याची, एखाद्या झाडाची, एखाद्या गप्प राहणाऱ्या मित्राची. तेव्हा तुमच्याजवळ जे सर्वांत चांगले येते, ते त्याच्यावर ओतण्याची तुम्हाला घाई होईल. थोडे थांबा. त्याला कोणते पाणी सोसते, ते त्याला विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर जो जाणतो त्याला विचारा. आणि आपले चुकले असे कळले, तर वन्संसारखे त्याच क्षणी सांगून टाका, म्हणजे कोणीतरी फळीवरून जपून ठेवलेला साचा काढू शकेल.

आठवड्यातून एकदा वन्सं अजूनही डबी उघडतात. मला कोणाच्या तोंडात जायचे नसते, माझ्यावर डाग पडायचे काही कारण नसते. तरी त्या वाडगा भरतात, मनगटावर एक थेंब टाकून पाहतात, थोडा वेळ थांबतात, आणि मगच मला पाण्यात सोडतात.